तिचं बोलणं मी कन्नडात सांगितलं

बसवकल्याणहून बसने अर्ध्या तासावर आमचं गाव आहे. तिथल्या मराठी शाळेत मी सव्वीस वर्षं कन्नड शिकवलं. आमच्याकडे घरात मराठी, देवघरात कन्नड, बाजारात दोन्ही आणि जुन्या माणसांत थोडी दखनी उर्दू, असं सगळं चालतं. पण बोलता येणं वेगळं आणि लिहिता येणं वेगळं. सरकारी कागद कन्नडातून द्यावा लागतो, म्हणून अर्ज लिहून घ्यायला लोक माझ्याकडे येत. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी येत. गावाला मी अजून बाईच आहे.

ती पण अर्ज लिहून घ्यायलाच आली होती.

ती बौद्ध वस्तीतली, शेतात मजुरी करणारी. नवरा वारलेला. घरात स्वतःची एक मुलगी आणि मेलेल्या जावेची एक, दोघींना तिनेच वाढवलेलं. दोघी माझ्या वर्गात होत्या. तिची स्वतःची अबोल, अक्षर मात्र असं की मी तिची वही दुसऱ्या वर्गांत नेऊन दाखवायची. जावेची मुलगी बडबडी. कन्नड बोलताना मध्येच मराठी क्रियापद घुसवायची, वर्ग हसायचा, आणि सगळ्यांत जास्त तीच हसायची. दहावीनंतर दोघींचं शिक्षण थांबलं. गावात शिवणाचा वर्ग निघाला तेव्हा त्या तिथे जायला लागल्या. एक सोळाची, एक सतराची.

त्या काळात एक साडीवाली बाई दर महिन्याला आमच्या गावात यायची. माझं घर चौकात, ओटा रुंद. ती गाठोडं माझ्याच ओट्यावर सोडायची, बायका तिथेच जमायच्या. मी तिला चहा द्यायची, जेवायची वेळ असली तर भाकरी. एकदा साड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली की लांबच्या एका मोठ्या शहरात तयार कपड्यांचा कारखाना आहे, शिवण येणाऱ्या मुली पाहिजेत, राहायला वसतिगृह आहे, वर देखरेखीला बाईमाणूस आहे. दोन दिवसांनी या मुलींची आई माझ्या दारात आली.

“बाई, ती साडीवाली कशी हाय हो? तुमच्याकडं बसती-उठती म्हनून इचारायलेय. पोरी जातो म्हनायल्यात.”

“चांगली बाई आहे,” मी म्हणाले. “सहा वर्षं झाली, मी ओळखते.”

काय ओळखत होते मी तिला? तिचं गाव कुठलं तेसुद्धा मी कधी विचारलं नव्हतं. पण कुणी आपल्याला विचारायला आलं की आपल्याला माहीत असतंच, अशी मला सव्वीस वर्षांची सवय.

मुली गेल्या. चार दिवस फोन आला, मग बंद झाला. आठव्या दिवशी ती आली आणि ओट्याच्या पायरीशी उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

“बाई, पोलिसात द्यायला कागद लिवून द्या. फोन लागंना. साडीवालीचा बी बंद हाय.”

लिहायचा कागद आतल्या कपाटात होता. पाच मिनिटांचं काम होतं. पण त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार मुलींचा आला नाही. कागदावर साडीवालीचं नाव येणार, मग ती कुणाच्या ओट्यावर बसायची हे येणार, आणि मग मी काय म्हणाले होते ते येणार, हा विचार आला. मी तिला आवाज खाली करून समजावलं. म्हणाले, “अगं, पोलिसात कागद गेला की गावभर बोभाटा होतोय. उद्या पोरी आपल्या पायानं परत आल्या तर त्यांची लग्नं कशी करशील? गावाचं नाक जाईल ते वेगळंच. थोडे दिवस थांब.”

ती थांबली. चार दिवसांनी परत आली, तेव्हा मी तेच सांगितलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी खिडकीतून तिला येताना पाहिलं, यजमानांना म्हटलं, “सांगा, बाई पूजेला बसल्यात.” आणि खोटं नको म्हणून मी खरंच देवघरात जाऊन बसले. गळ्यातलं इष्टलिंग पूजेसाठी तळहातावर घेऊन मी दारातलं बोलणं ऐकत होते. यजमान म्हणाले, “येळ लागंल.” ती म्हणाली, “बसते की मी.” आणि बराच वेळ पायरीवर बसून राहिली. मी उठले नाही. ती गेल्याची चाहूल लागल्यावर उठले.

पुढे कळलं, ती एकटीच चौकीवर गेली होती. तोंडी सांगून चालत नाही, लिहून आण म्हणून तिला परत पाठवलं होतं.

गावात एव्हाना सगळ्यांना माहीत झालं होतं. हॉटेलच्या बाकड्यावर, दळणाच्या गिरणीत, पाण्याच्या टाकीपाशी एकच बोलणं. पोरी पळाल्या. कुणाबरोबर पळाल्या त्याची नावंसुद्धा लोकांनी ठरवली होती. “बापाबिगर वाढलेल्या, हातात मोबाईल, आनखी काय व्हनार?” असं कुणी म्हणायचं, आणि ऐकणारा मान हलवायचा. मीही हलवली.

दीडेक महिन्याने दुपारच्या वेळी पोलिसांची गाडी वस्तीत गेली. त्या शहरात एका इमारतीत खाली गोदाम होतं, वर खोल्या. गोदामाला आग लागली, धूर वर चढला. वरच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं. आत मुली होत्या. त्यातल्या आमच्या दोघी. एकीच्या पिशवीत आमच्या शाळेचं जुनं ओळखपत्र सापडलं, त्यावरून गाव कळलं. कारखाना वगैरे काही नव्हताच. तिथे त्यांना कशासाठी ठेवलं होतं ते मला नंतर कळलं. ते मी इथे लिहिणार नाही. त्यांच्याबद्दल लोकांचं बोलायचं तेवढं बोलून झालंय.

मयती आल्या त्या दिवशी ऊन रणरणत होतं. रुग्णवाहिका चौकातून वळून वस्तीकडे गेली. आमच्या आळीतली तीनच माणसं मातीला गेली. मी गच्चीवर वाळत घातलेल्या डाळीपाशी उभी राहून बघत होते. शेजारची बाई तिच्या गच्चीवर होती. ती म्हणाली, “कसल्या धंद्यात व्हत्या कुनाला ठावं. मातीला जावं का न्हाई, तेच कळंना.”

मी म्हणाले, “आईनं नीट विचारून पाठवायला पाहिजे होतं.”

हे मी म्हणाले. विचारायला ती माझ्याच दारात आली होती, आणि तरी हे माझ्या तोंडून सहज निघालं.

तिसऱ्या दिवशी गाव बदललं. बेंगळुरूहून एका वाहिनीची गाडी आली, डोक्यावर तबकडी असलेली. ती चौकात थांबली आणि अर्ध्या तासात वस्तीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. मातीला न गेलेली माणसं धुतलेले कपडे घालून आली. पंचायतीतली आली, तरुण मंडळाची पोरं आली. ज्या गल्लीत आमच्या आळीतल्या बायका कधी गेल्या नव्हत्या, त्या गल्लीत त्या पदर डोळ्याला लावून उभ्या होत्या. मीही गेले. न जाणं दिसलं असतं.

बातमीदार तरुण मुलगी होती. तिला मराठी येत नव्हतं. कन्नड आणि मराठी दोन्ही नीट येणारं कोण आहे, असं तिने विचारलं, आणि चारसहा जणांनी एकदम माझ्याकडे बोट केलं. “बाई हायत की. बाईंनी शिकवल्यालं हाय पोरींना.”

मला आईच्या शेजारी उभं केलं. दाराच्या चौकटीपाशी ती बसली होती. तिचा आवाज बसला होता. बातमीदाराने विचारलं, मुली हरवल्यावर तुम्ही काय केलंत? मी मराठीत विचारलं. खरं तर मी विचारायची गरज नव्हती. निंबर्ग्याच्या बाजूला कन्नड बोलणाऱ्यांच्या शेतात तिने दहा वर्षं तुरी कापल्या होत्या. तिला सगळं कळत होतं. पण त्या दिवशी ती बोलली ती मराठीतच बोलली.

“आठव्या दिशी मी ह्या बाईकडं गेले,” माझ्याकडे न बघता ती म्हणाली. “कागद लिवून द्या म्हन्ले. बाई म्हन्ल्या, गप बस, गावाचं नाक जाईल. तीनदा गेले. पंचायतीत गेले तर हसले. चौकीत गेले तर कागद आन म्हन्ले. एक कागद मागत व्हते मी. कुनी लिवला न्हाई. पोरींची माती झाली तवा ह्यातलं कोन आल्तं? आता कामून आलाव सगळे?”

एवढं बोलून ती थांबली. बातमीदार माझ्याकडे वळली. “एन हेळतारे?” काय म्हणतायत?

कॅमेरा माझ्याकडे होता. मला आठवतं, माझ्या पायात चपला नव्हत्या आणि फरशी तापली होती. मी कन्नडात सांगितलं. चांगल्या, शाळेतल्या कन्नडात. म्हणाले, त्या म्हणतात की मुली हरवल्यापासून सगळं गाव त्यांच्याबरोबर शोधत होतं. सगळे दारं ठोठावत फिरले. आज सगळं गाव त्यांच्या दुःखात सामील आहे. त्यांना न्याय हवा.

बातमीदाराचे डोळे भरून आले. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

गल्लीत पन्नासेक माणसं होती. त्यातल्या प्रत्येकाला मराठी येतं आणि प्रत्येकाला कन्नड येतं. ती काय म्हणाली ते प्रत्येकाने ऐकलं आणि मी काय सांगितलं तेही प्रत्येकाने ऐकलं. कुणी एक शब्द बोललं नाही. मागून कुणीतरी “बराबर, बराबर” म्हणालं. पंचायतीतल्या माणसाने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, शाबासकी दिल्यासारखी.

मग आईने माझ्याकडे बघितलं. राग असता तर बरं झालं असतं. तोंड उघडलं होतं ते तिने मिटलं, आणि पुढच्या कुठल्याच प्रश्नाला उत्तर दिलं नाही. बातमीदार म्हणाली, पाहिजे तर थांबूया, त्यांना त्रास होतोय.

संध्याकाळी बातमी लागली. आमच्या घरी दहाबारा माणसं बघायला जमली होती. तिचा आवाज खाली केलेला आणि वर माझं कन्नड. “काय बोल्लाव बाई! गावाची लाज राखलाव,” असं यजमानांचे मित्र म्हणाले. मी सगळ्यांना चहा केला.

थोड्या वेळाने लातूरहून माझ्या मुलीचा फोन आला. कुणीतरी तिला ती चित्रफीत पाठवली होती.

“आई, मी कानाला लावून ऐकलं,” ती म्हणाली. “खालून त्या बाईंचा आवाज येतोय. त्या तसं म्हणत न्हाईत.”

मी चहाचे कप गोळा करायला लागले.

“त्या म्हणतायत, मी तीनदा गेले, कागद लिहून दिला न्हाई. कुणाकडं गेल्त्या त्या?”

“मला काय माहीत,” मी म्हणाले. “खूप गोंधळ होता तिथं.”

मुलीने फोन लगेच ठेवला नाही. ती वाट बघत होती. मग म्हणाली, “बरं. जेव तू.” तिने ओळखलं होतं. माझ्या घरातलं कागदाचं कपाट तिला माहीत आहे. शाळेत असताना अर्जांवर तारखा तीच घालायची.

पुढच्या आठवड्यात बसवकल्याणात मेणबत्त्यांचा मोर्चा निघाला. गावाच्या चौकात फलक लागला. त्यावर दोघींचे शाळेतले फोटो, आणि त्यांच्या भोवती श्रद्धांजली वाहणाऱ्या पुढाऱ्यांचे त्याहून मोठे फोटो. अक्षर सुंदर असणाऱ्या त्या मुलीचं नाव फलकावर चुकीचं लिहिलं होतं. मला ते दिसलं. कुणाला सांगावं हे सुचलं नाही. मोर्चात मला बोलायला उभं केलं, आणि मी बोलले. ‘आपल्या लेकी’ असा शब्द मी चारदा वापरला. टाळ्या पडल्या. त्यांची आई मोर्चाला नव्हती. तिला आणायला गाडी पाठवली होती, ती आली नाही. तर परत जाताना बसमध्ये एक माणूस म्हणाला, “बघा, आईलाच काई न्हाई. गाव मरायलंय तिच्यापायी.”

दोन महिन्यांत फलकाचं कापड कुणीतरी कडब्याच्या गंजीवर टाकायला नेलं. गावात लग्नसराई सुरू झाली. साडीवाली सापडली, पकडली गेली, आणि काही दिवसांनी जामिनावर सुटली असं ऐकलं. खटला त्या लांबच्या शहरात उभा राहिला.

खटल्यासाठी आईच्या बाजूने एक वकीलबाई काम बघत होत्या. त्या मूळच्या आमच्याच भागातल्या, दोन्ही भाषा येणाऱ्या. एका सकाळी त्या माझ्या घरी आल्या. ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि सरळ विचारलं, “त्या तीनदा तुमच्याकडे आल्या होत्या का?”

मी यजमानांकडे बघितलं. ते म्हणाले, “तिला आठवत न्हाई आता. वय झालंय.” मला सुटायला दार उघडून दिलं होतं त्यांनी. मला अजून कळत नाही, त्या दिवशी मी त्या दारातून का गेले नाही. कदाचित खोटं बोलून मी फक्त दमले होते. त्याला धैर्य वगैरे कुणी म्हणू नये.

“आल्या होत्या,” मी म्हणाले. “मी लिहून दिलं नाही. साडीवाली चांगली आहे, असंही मीच सांगितलं होतं. आणि टीव्हीवर मी सांगितलं ते त्या बोलल्याच नव्हत्या.”

वकीलबाईंनी सगळं लिहून घेतलं. सही करताना मी विचारलं, “मला काय होईल?”

“तुम्हाला काही होणार नाही,” त्या म्हणाल्या. “तारखा जुळवायला उपयोग होईल थोडा.” त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पिशवी उचलली आणि गेल्या.

त्याच दिवशी ते गावभर झालं. पंचायतीतला तो माणूस ओट्यापाशी येऊन उभा राहिला. “कामून सांगितलाव बाई? एवढं गावाचं चांगलं झाल्तं. आता उद्या आमाला बी बोलवतील.” शेजारणीने गच्चीवरून बोलणं बंद केलं. गंमत अशी, की मी खोटं बोलले तेव्हा मला नमस्कार करणारी माणसं मी खरं बोलल्यावर रस्ता बदलू लागली. मला त्याचं वाईट वाटलं हेही खरं आहे. आधीचे नमस्कार मला हवे होते.

तोवर मुलींच्या आईने गाव सोडलं होतं. औरादकडे चिंताकीला तिचा भाऊ असतो, त्याच्याकडे ती राहायला गेली होती. मी जाऊ की नको करत तीन महिने काढले. शेवटी एकटीच निघाले. बिदरला गाडी बदलली, औरादला बदलली, आणि दुपारी बाराच्या सुमारास विचारत विचारत तिच्या दारात पोचले. ती अंगणात सोयाबीन पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं, हात पुसले आणि पाणी आणून दिलं.

मी माफी मागायला सुरुवात केली. वाटेत बसमध्ये मी वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरले. “त्या दिवशी मी तुझं बोलणं…” एवढंच म्हणाले.

“ऱ्हाऊ द्या की,” ती म्हणाली. मग सोयाबीनमधले खडे वेचत, “मला बी कन्नड येतंय बाई. मी म्हनायला पायजे व्हतं त्या पोरीला, ही बाई खोटं सांगायलीय म्हनून. मला बोलताच आलं न्हाई. वाटलं, बाई सांगायल्यात तर असंल तसंच. लेकींसाठी येवढं बी झालं न्हाई माज्यानं.”

मला वाटलं होतं ती मला बोलेल. ती स्वतःलाच बोलत होती. मी म्हणाले, “तुझी काय चूक?” पण तिने ते ऐकल्यासारखं केलं नाही. भाकरी खाऊन जा म्हणाली.

मी जेवत असताना शेजारची एक म्हातारी काठी टेकत आली. पाहुणी कोण म्हणून विचारलं.

“पोरींच्या शाळंतल्या बाई,” ती म्हणाली. आणि म्हातारी बसायच्या आत माझ्याजवळ वाकून पुटपुटली, “हितं कुनाला ठावं न्हाई. दोघी सासरी नांदायल्यात म्हनून सांगितलंय मी. लोक लई बोलतेत बाई.”

म्हातारी समोर टेकली. कौतुकाने माझ्याकडे बघून म्हणाली, “तुमी शिकवलाव व्हय पोरींना? कशा हायत आता? माहेराला कधी येतेत?”

तिने माझ्याकडे बघितलं. आईच्या हातात भाकरीचं टोपलं होतं, ते तिने तसंच धरून ठेवलं होतं.

“बऱ्या आहेत,” मी म्हणाले. “लांब दिल्यात, लवकर येणं होत नाही.”

“व्हय, लांबची सासरं तशीच,” म्हातारी म्हणाली. आणि त्या मुलींच्या आईने माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली. मला भूक नव्हती. मी ती खाल्ली.